रोजची एक खूण

"नेम लहान घ्यावा सारिका, पण रोजचा घ्यावा. आणि घेतला की गावभर सांगत फिरू नये."

माझ्या सासूबाई, आमच्या अक्का, हे बोलल्या तेव्हा परातीत कणीक मळत होत्या. बोलताना त्यांचा हात थांबला नव्हता. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी पोथी उघडताना ते वाक्य अजून कानाशी येतं. माझे नेमही त्यांच्यासारखेच लहान आहेत. रोज पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी, आणि चातुर्मासात दुपारचं जेवण न बोलता. सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि मी सांगितलंही नसतं. पण आमच्या सहावीच्या वर्गात हसनैन आहे.

दोंडाईचाहून बसने जावं लागतं अशा एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. हसनैन तिथल्या शिंप्याचा मुलगा. आषाढी होऊन दोन-चार दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत मुलं खिचडी खात होती, मी माझा डबा उघडून बसले होते. तो समोर येऊन उभा राहिला.

"मॅडम, दाढ दुखते का?"

मी मान हलवली.

"मग रागावल्या का?"

पुन्हा मान हलवली.

"अरे, रोजा असेल त्यांचा," मिसबाह म्हणाली. वर्गात सगळ्यात स्वच्छ वाचणारी मुलगी, आणि हसनैनला उत्तर देण्याची जबाबदारी तिनं स्वतःहून घेतलेली.

"रोज्यात पोळी-भाजी खातात का? मोठी आली."

सगळा वर्ग हसला. माझ्या तोंडात घास होता, म्हणून मी फक्त डोळ्यांनी हसले. मग हात धुऊन झाल्यावर सांगणं भागच पडलं. नेम म्हणजे काय, तो कशासाठी, तो रोज का करायचा. मुलं फार लक्ष देऊन ऐकत होती, इतकं लक्ष ती गणिताला देत नाहीत. मीही बोलण्याच्या भरात म्हणून गेले, "एकदा धरला की खंड पडू द्यायचा नाही."

"मग आपण पण एक धरू," हसनैन म्हणाला.

"तू गप्प बसण्याचा धर," मिसबाह म्हणाली.

त्याच सुमारास धुळ्याला आमचं प्रशिक्षण झालं होतं. वर्गात वापरता येतील अशा इंटरनेटवरच्या फुकट गोष्टी तिथे दाखवल्या. बोटानं चित्र काढून ते हलवायचं, आपल्या आवाजात गोष्ट भरायची, खेळता येईल अशी प्रश्नमंजुषा बनवायची. मला त्यातला नकाशा आवडला. कोऱ्या नकाशावर आपण हवी तिथे खूण लावायची. त्या खुणेत फोटो ठेवायचा, आवाज ठेवायचा, दोन ओळी लिहायच्या. ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच तो नकाशा दिसतो, बाहेरच्याला नाही.

आमचे मुख्याध्यापक जीवराम सर सावध माणूस. "फुकट आहे म्हणता? मग त्यात काहीतरी मेख असणार."

मी घरी बसून सगळ्या अटी वाचल्या. मुलांची पूर्ण नावं कुठेच टाकायची नाहीत, खातं फक्त माझं असेल, असं ठरवून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "बघा बुवा. टीव्ही तेवढा जपा, लोकवर्गणीचा आहे."

असा वर्गाचा नेम सुरू झाला. रोज एक खूण. पाळीपाळीनं एकानं लावायची. अट एकच होती. जे पुस्तकात सापडणार नाही आणि आपण स्वतः पाहिलंय किंवा ऐकलंय, तेच ठेवायचं, आणि आपल्या आवाजात सांगायचं.

पहिली खूण हसनैनची. त्यानं अब्बांच्या शिलाई मशीनचे वेगवेगळे आवाज भरून आणले आणि खाली लिहिलं, "कापड ओळखा." जीन्सचा आवाज जीवराम सरांनीही ओळखला. मिसबाहनं तिची आजी खातून हिला बोलतं केलं. पूर्वी बाजारात बांगड्यांची दुकानं कुठे कुठे होती ते तिनं सांगितलं. कोणी विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी आणला, कोणी मिरच्या वाळवणाऱ्या बायकांची शिंकाशिंकी आणली. भाषेच्या तासाला खुणांच्या ओळी दुरुस्त व्हायच्या, भूगोलाच्या तासाला दिशा आणि अंतरं. मी वेगळं काही शिकवतेय असं मुलांना वाटतच नव्हतं.

मग पुनमची पाळी आली.

पुनम दाराजवळच्या बाकावर बसायची. ठेलारी मेंढपाळांची मुलगी. ही माणसं पावसाळ्यात गावी असतात आणि दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन घाटापलीकडे निघतात. घोड्यांवर संसार, घोड्यांवरच कोंबड्या आणि नुकतं जन्मलेलं कोकरू. परत यायचं ते ढग भरून आल्यावर. त्यामुळे पुनमची शाळा वर्षातून चार-पाच महिने. दरवर्षी ती नव्यानं वाचायला शिकायची, आणि वर्गात तोंड उघडायची नाही.

ती शाळेच्या टॅबजवळ आली. सगळ्यांची बोटं गावाच्या आसपास फिरायची. हिनं नकाशा सरकवायला सुरुवात केली. गाव सरकलं, तालुका सरकला, साक्री मागे गेलं. एका घाटाच्या वळणावर तिचं बोट थांबलं.

"आठे," ती म्हणाली. "आठे मनी बकरी येली व्हती. रस्तावर. आबानी बठ्ठा ट्रक थांबाडी दिधा."

वर्गातल्या बहुतेकांनी धुळ्याच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. तिचा बाप रस्त्यात आडवा उभा राहून ट्रक कसे थांबवतो, ड्रायव्हर शिव्या देता देता कसा खाली उतरून नुकतं जन्मलेलं करडू पुसायला स्वतःचा गमछा देतो, हे ती सांगत गेली. हसनैन मध्ये एकदाही बोलला नाही.

त्या दिवसापासून नकाशा पुनमचा झाला. नदी कुठल्या रंगानं दाखवतात, रेषा जवळजवळ आल्या म्हणजे चढ असतो, हे तिला एकदाच सांगावं लागलं. खुणेखालच्या ओळी आपल्या आपण लिहिता याव्यात म्हणून ती मिसबाहच्या शेजारी जाऊन बसली. मिसबाह तिच्या वेलांट्या सुधारायची आणि ती मिसबाहचे डोंगर.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिचे वडील लोटनभाऊ शाळेत आले. सोबत त्यांची आई झुंबरबाई होती. म्हातारीला आता चालवत नाही, म्हणून ती गावीच राहते.

मी म्हटलं, "भाऊ, पुनमला या वर्षी आजीजवळ ठेवा. पोरगी फार पुढे गेलीय."

लोटनभाऊ पागोटं मांडीवर ठेवून बसले होते. "मॅडम, पोरगी हुशार शे हाई मले बी समजस. पन दरसाल दिवाळीले तिनी पाटी पुसाई जास. मंग कसाले शिकाडानं? आनि कोकरं कोन सांभाळी?"

"मी सांगी ऱ्हायनी ना, ठेव मनाजोडे," झुंबरबाई म्हणाली.

"तू गप ऱ्हाय माय. तुलेच कोनी सांभाळाले पायजे."

"मले काय धाड भरनी?"

मी दोघांना चहा दिला. मग टीव्हीवर नकाशा लावून पुनमला बोलावलं. तिनं वडिलांना त्यांचीच वाट दाखवली. मुक्काम कुठे पडतात, नाले कुठे लागतात, कुठल्या गावाचा बाजार कुठल्या वारी. लोटनभाऊ पुढे वाकून बघत राहिले. मग त्यांनी खिशातला मोबाईल काढला.

"मना मोबाईलमा हाई दिसई?"

"दिसेल. आणि तिला वाटेतूनही खूण लावता येईल. वर्ग इथे ऐकेल, तिला उत्तर देईल. तिची पाटी पुसली जाणार नाही."

"मंग आयका मॅडम. वाटवर ती शिकनी, रोजना रोज, ते पुढला साल ती म्हातारीजोडे ऱ्हाई. मी आडा येवाव नही. नही शिकनी ते मेंढ्यास्मांगे. मंग तुम्ही मले बोलानं नही."

"ठरलं," मी म्हटलं.

पुनमनं बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, पानी कसं सोडतस?" रोज एक खूण लावीन असं म्हणत पाणी कसं सोडायचं, ते मी तिला दाखवलं. पाणी शाळेच्या पायरीवर पडलं. मीही वर्गासमोर म्हटलं, की पुनम परत येईपर्यंत माझं दुपारचं न बोलता जेवणं चालू राहील. चातुर्मास संपला तरी.

"म्हणजे पावसाळ्यापर्यंत?" हसनैननं कपाळाला हात लावला. "मॅडम, आमचं कसं व्हायचं?"

पुनमच्या खुणा येऊ लागल्या. रोज मधल्या सुट्टीनंतर आम्ही त्या टीव्हीवर लावायचो. एका खुणेत मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, एकीत कांद्याच्या शेताचा फोटो. शेतमालकानं मेंढ्या शेतात बसवून घेतल्या आणि बदल्यात ज्वारी दिली, तर "मेंढ्यांनी भाडं भरलं" असं तिनं खाली लिहिलं होतं. ते वाक्य मिसबाहनं दुरुस्त केलं नाही, फळ्यावर लिहून ठेवलं. मुलांनी खुणांमधली अंतरं मोजली, मेंढी ताशी किती चालते यावरून भांडण केलं, आणि पुनमला रोज एक प्रश्न पाठवला. ती दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायची. लिहिणं सुधारत चाललं होतं, हे मला त्या ओळींतच दिसत होतं.

पिंपळनेरच्या अलीकडे एक खूण आली, त्यात नदीचा आवाज होता. त्यानंतर काही आलं नाही.

पहिल्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी हसनैन म्हणाला, "मेंढीनं मोबाईल खाल्ला असेल." तिसऱ्या दिवशी तोही काही बोलला नाही. मी सकाळी पोथी मिटली की नकाशा उघडायचे. शेवटची खूण तिथेच. लोटनभाऊंना फोन लावायचे तर नुसता वाजत राहायचा. मेंढ्यांमागे असताना त्यांना कुठलं ऐकू येणार. जीवराम सरांनी एवढंच म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका. फुकटच्या गोष्टी अशाच असतात." मला फुकट-विकतचं काही वाटत नव्हतं. लोटनभाऊंची अट आठवत होती. 'रोजना रोज' म्हणाले होते. पुनमचं पुढचं सगळं वर्ष, कदाचित पुढची सगळीच वर्षं, त्या दोन शब्दांवर उभी होती.

आठवडा होत आला आणि मिसबाह सकाळी धावतच वर्गात आली. "मॅडम, लोटनकाकांनी स्टेटस ठेवलंय. मेंढ्यांचा व्हिडिओ. अब्बूंच्या फोनवर पाहिला मी."

म्हणजे मोबाईल हातात घेत होते. नेटही होतं. तरी पुनम खूण लावत नव्हती. मी लोटनभाऊंना आवाजात निरोप पाठवला, "भाऊ, वेळ मिळाला की फोन करा, कितीही वाजता."

फोन आला तो नेमका मधल्या सुट्टीत. माझ्या पुढ्यात डबा होता, पोळीचा तुकडा हातात होता. फोनवर नाव दिसलं आणि खिचडी खाणारी सगळी मुलं माझ्याकडे बघू लागली. फोन वाजत होता. हा कट झाला तर पुन्हा कधी लागेल, सांगता येत नव्हतं. मी तुकडा डब्यात ठेवला आणि फोन उचलला.

"हां भाऊ, बोला. पुनम बरी आहे ना?"

"बरी शे. पन तिले काय व्हयनं समजत नही. मोबाईलले हात लावत नही. चहा बी सोडी दिधा. तुम्हीच ईचारा."

बराच वेळ नुसते घंटांचे आवाज येत राहिले. मग पुनमचा श्वास.

"पुनम, काय झालं गं?"

"मॅडम, मना नेम मोडी गया."

"कसा?"

"येक दिन डोंगरमा व्हतूत. रेंज नव्हती. खूण ऱ्हायनी. खंड पडना." ती रडू आवरत होती. "तुम्हीच सांगेल व्हतं, खंड पडू द्यावा नही. आते कशी लावू? मोडेल नेम कसा चाली?"

मी डोळे मिटले. एवढ्याशा पोरीनं माझा शब्द किती घट्ट धरून ठेवला होता. प्रायश्चित्त म्हणून तिनं चहा सोडला होता, तोही थंडीत, उघड्यावर. आणि तो नेम पुन्हा हातात घ्यायची वाट तिला कोणी सांगितलेली नव्हती.

मी बोलणार, तेवढ्यात मागून हसनैनची कुजबुज आली. त्याची कुजबुज गेटापर्यंत ऐकू जाते. "मॅडम जेवताना बोलल्या. मॅडमचा नेम मोडला."

"कोन बोलनं?" पुनमनं विचारलं.

"हसनैन. म्हणतोय, माझा नेम मोडला."

"मोडना?"

"मोडला की. डबा समोर आहे आणि मी तुझ्याशी बोलतेय."

"मनामुये?"

"माझ्यामुळे. फोन मी उचलला."

"मंग आते तुम्ही काय करशात?"

"आता काय करणार? उद्या दुपारी पुन्हा गप्प बसायचं. देवाला सांगायचं, काल राहून गेलं. तो काही हसनैनसारखा वर्गभर सांगत सुटत नाही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून एक बारीकसं हसू.

"खंड पडला तर नेम मरत नाही, पुनम. सोडून दिला तर मरतो. ही दुसरी गोष्ट मी तुम्हाला सांगायलाच हवी होती. आधी चहा पी."

"पेस," ती म्हणाली.

मग फोन लोटनभाऊंकडे गेला. मी जरा बाजूला व्हरांड्यात गेले.

"मॅडम, पोर हासनी," ते म्हणाले. "पन मी सांगेल व्हतं, रोजना रोज."

"सांगितलं होतं. आणि मी ठरलं म्हटलं होतं. रेंज नव्हती हा तिचा दोष नाही, पण तुमची अट ती अट. भाऊ, एक विचारू? ती खुणा लावत नाहीये तेव्हापासून तुमचं कसं चाललंय?"

लोटनभाऊ खाकरले. "खरं सांगू का? दोनदा पानी चुकनं. ती नकाशामा नाला देखी देस, तठेच आम्ही मेंढ्यास्ना वाडा बसाडतस. आते मी जुना माहितीवर चालस, आनि जुना नाला आटी जायेल शे."

"मग मी येते. येत्या रविवारी. ती काय शिकली ते तुमच्यासमोर बघू. तिला वाचू दे, हिशेब करू दे. तुमचं समाधान झालं तर तुमचा शब्द तसाच ठेवा. नाही झालं तर मी पुन्हा बोलणार नाही."

"तुम्ही येशात? इतलं लांब? आमना काय पत्ता शे का मॅडम? रईवारले मुक्काम कोठे पडी, मलेच ठाऊक नही."

"पुनमला ठाऊक असेल. तिला म्हणावं, शनिवारी संध्याकाळी खूण लाव. जिथे खूण, तिथे मी."

मग म्हणाले, "या. मंग देखूत."

वर्गात आले तर डब्यावर ताट झाकून ठेवलेलं होतं. उरलेली पोळी मी मुलांशी बोलत खाल्ली. एकदा मोडलाच होता तर. हसनैननं एवढ्यात विचारून घेतलं की नेम मोडलेल्या दिवशी गृहपाठ असतो का. असतो, म्हटलं.

शनिवारपर्यंत मुलांनी पुनमसाठी पुष्कळ काही केलं. मिसबाहनं राहिलेल्या धड्यांची प्रश्नमंजुषा बनवली, नेटशिवायही उघडेल अशी टॅबमध्ये उतरवून घेतली. हसनैननं प्रत्येक बरोबर उत्तराला मशीनचा टकटक आवाज जोडला. चुकीच्या उत्तराला त्यानं स्वतःचा खोकला जोडला होता, तो मिसबाहनं काढायला लावला. जीवराम सर दोनदा डोकावून गेले, आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा टॅबचा चार्जर कापडात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला.

शनिवारी संध्याकाळी मी तुळशीजवळ दिवा लावला आणि नकाशा उघडला. काही नव्हतं. भाकरी थापल्या, पुन्हा उघडला. काही नव्हतं. डोंगरात असतील, मी मनाशी म्हटलं. किंवा बापानं मन बदललं असेल. घरातली जेवणं झाली, ओटा पुसून झाला.

मग उघडला तेव्हा मला आधी काही कळेना. एक खूण नव्हती, पिंपळनेरपासून पुढे खुणांची ओळच लागली होती. राहिलेल्या प्रत्येक दिवसाची एक. आठवून आठवून, मुक्काम जिथे होता तिथे तिनं लावली होती. एकीत बाभळीचं झाड, एकीत आईनं मांडलेली चूल, एकीत नुसता अंधार आणि कुत्र्याचं भुंकणं. मधल्या एका खुणेत फोटो नव्हता, आवाज नव्हता, डोंगराच्या पोटात एकटीच होती. खाली लिहिलं होतं, "इथं रेंज नव्हती. पण आम्ही होतो." एकही वेलांटी चुकलेली नव्हती.

शेवटची खूण नाल्याच्या काठी, सटाण्याच्या वाटेवर. त्यात पुनमचा आवाज होता, घाईघाईतला. "मॅडम, साक्रीले गाडी बदलज्या. पिंपळनेरना पुढे फाटावर उतरा. मोठा वड शे. तठे मी उभी ऱ्हासू. आबा म्हनस, मॅडम याव नहीत. मी म्हनस, येतीन."

रविवारी पहाटे उठून मी अध्याय वाचला, तुळशीला पाणी घातलं. पिशवीत टॅब, चार्जर आणि सहावीची पुस्तकं ठेवली. घरात रात्रीच सांगून ठेवलं होतं, आता कोणाची झोपमोड करायची नव्हती. दाराची कडी न वाजवता लावून घेतली आणि साक्रीच्या पहिल्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागले.